सगळीकडून सारखाच आवाज

वाघीण इकडे नाही, असं हर्षानं सकाळी सांगून टाकलं आणि तिच्या शब्दावर बायका केशोरीच्या जंगलाला लागून असलेल्या बांधीत धान कापायला उतरल्या. त्यांत तिची आई सुलोचनाबाई सगळ्यांच्या पुढं. पोरगी वनरक्षक आहे म्हटल्यावर तिला कसली आलीय भीती!

आता मात्र हर्षा रस्त्यावर मोटरसायकलपाशी उभी राहून लॅपटॉपचा पडदा पुन्हा पुन्हा बघत होती. वाघिणीच्या गळ्यातल्या कॉलरची टकटक ऐकवणारा खात्याचा रिसीव्हर दुरुस्तीला गेलेला, म्हणून ती लॅपटॉपला बोटाएवढा टीव्हीचा डोंगल लावून काम भागवत होती. वस्तू भारी हुशार. फिरवायची खुंटी नाही की काही नाही. हवेतल्या लहरींचा अख्खा पट्टा उचलून लॅपटॉपला देते आणि त्यातली कुठली फ्रिक्वेन्सी ऐकायची ते सॉफ्टवेअर निवडतं. पण शेवटी स्वस्तातला माल तो, तापला की त्याचा फ्रिक्वेन्सीचा आकडा सरकतो. सकाळी तो मोटरसायकलच्या टाकीवर उन्हात मस्त भाजत पडला होता आणि ही बाई कॉलरच्या नेमक्या आकड्यावर कान लावून बसली होती. तिथं चिडीचूप. जरा आजूबाजूला बघावं, एवढंही तिला सुचलं नाही.

आता त्या आकड्याच्या किंचित डावीकडे, पडद्यावर बारीक ठिपके ओळीनं उतरत होते. तिनं सॉफ्टवेअरचा काटा तिथं सरकवला. टक. टक. टक.

तिनं लगोलग आईला फोन लावला. सगळ्या मिळून रस्त्यावर माझ्याकडे या, पळू नका, कुणी खाली वाकू नका, असं बजावलं. मग अँटेना हातात घेऊन फिरवला. जिकडे आवाज मोठा, तिकडे वाघीण. बांधीकडे धरला, आवाज मोठा. जंगलाकडे धरला, तेवढाच. गावाकडे धरला, तरी तेवढाच. डोंगल बिघडला की काय, म्हणून तिला संताप आला.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सिग्नल इतका जवळून येत होता की बिचारा डोंगल त्यात बुडून गेला होता. तिनं त्याची सिग्नल खेचायची ताकद कमी केली, आणखी कमी केली, पार तळाला नेली. तेव्हा कुठं एकच दिशा उरली. तिच्या पाठीमागची, नाल्यातल्या झुडपांची. दगड भिरकावला तर लागेल एवढ्यावर.

आणि बायका तिच्याच दिशेनं येत होत्या. तिनंच बोलावल्या होत्या.

तिनं पुन्हा फोन लावला.

"आई, इकडं येऊ नको. साऱ्यायले घेऊन मांगं जाय."

"अन् तू?"

हर्षानं फोन ठेवून दिला. जीव मुठीत धरून ती उभी राहिली. मागं वळायची हिंमत होईना.

बायका काही फिरल्या नाहीत. एकमेकींना चिकटून, डब्यांच्या झाकणांवर विळे बडवत, आरडाओरडा करत त्या सरळ चालून आल्या. हर्षाला आईचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी डोळेही भरून आले. मागची झुडपं सळसळली. लॅपटॉपमधली टकटक बारीक होत गेली. तिनं ताकद वाढवली, अजून वाढवली. शेवटी पूर्ण ताकदीवरही ती जेमतेम ऐकू येऊ लागली.

सुलोचनाबाई धापा टाकत जवळ आली.

"मांगं जाय म्हटलं होतं ना मी!" हर्षा रडत ओरडली.

"आयकलं मी," आई म्हणाली. "तुह्याजवळ होती ना ते? मंग मी कायले मांगं जाऊ?"