वर्गात हजर होती

यादी बुधवारी सकाळी आली, तेव्हा तन्वी बोकारे भोपाळच्या बाग सेवनियातल्या आपल्या घरी मटार सोलत बसली होती. फोन उघडून तिनं आपलं नाव शोधलं. त्रेचाळीस. पुन्हा पाहिलं, तरी त्रेचाळीसच.

पहिल्या चाळीस जणांना कमांड मिळणार होती, म्हणजे को-पायलटच्या उजव्या खुर्चीतून कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत जायचं प्रशिक्षण. बाकीच्यांनी पुढच्या तुकडीची वाट पाहायची. कोणी म्हणे चार वर्षं, कोणी म्हणे सहा.

वर्षभरापूर्वी हा प्रश्नच नव्हता. सातपुडा एअर ही तिची कंपनी लहान, पंख्यांची एटीआर विमानं उडवणारी, आणि तिथल्या को-पायलटांत तिचा नंबर पाचवा. मग सातपुडा ‘किनारा एअरवेज’मध्ये विलीन झाली. किनाऱ्याला लहान विमानं नको होती. एकेक करत अकराही एटीआर सेवेतून काढली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या डाव्या खुर्च्याही गेल्या. उरली फक्त जेट विमानं, आणि त्यांच्यासाठी दोन्हीकडच्या वैमानिकांची मिळून एकच ज्येष्ठता यादी. कोणतं विमान, कोणतं शहर, दिवाळी घरी की हॉटेलात, सगळं त्या यादीतल्या आकड्यावर ठरतं.

“तीन नंबरांनी राहिलं, आई.”

“तीनच ना? मग कोणाला तरी फोन कर,” स्वयंपाकघरातून विजया म्हणाली.

“आई, ही रेशनची रांग नाही.”

यादीच्या समितीकडे हरकत घ्यायला शुक्रवार संध्याकाळपर्यंत मुदत होती. तन्वीनं मटार तसेच ठेवले आणि अर्ज लिहायला बसली. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन विमानाकडे वळलेली मुलगी, तिनं आकडेच मांडले. चार हजार दोनशे छत्तीस तासांचं उड्डाण, धुक्यात आणि आडव्या वाऱ्यात उतरवलेली विमानं, नऊ वर्षांत एकही लाल शेरा नाही. आठ पानं झाली. दुपारी ती आजोबांना दाखवायला नेली.

नारायण बोकारे एक्याण्णव वर्षांचे होते. घरात आणि कॉलनीत त्यांना आबा म्हणत. गॅलरीतल्या उन्हात बसून, भिंग लावून त्यांनी आठही पानं वाचली.

“छान आहे,” ते म्हणाले. “कोणी तुझा सत्कार करणार असेल तर वाचायला होईल.”

“आबा!”

“तू किती उडाली ते सांगून राहिली. यादीला उडणं समजत नाही, बाई. यादीला तारीख समजते. तुझी तारीख त्यांनी कशावरून धरली?”

हे विचारायचा आबांना अधिकार होता. छप्पन साली नवा मध्य प्रदेश झाला, तेव्हा नागपूरचे कारकून, त्यांत आबाही, वळकट्या बांधून भोपाळला आले आणि ग्वाल्हेर, इंदूर, रीवाच्या कारकुनांबरोबर एका यादीत घातले गेले. प्रत्येकाकडची नोकरी मोजायची रीत वेगळी. कुठे रुजू झाल्यापासून, कुठे कायम झाल्यापासून. पुढची वीस वर्षं ती भांडणं चालली. बोकाऱ्यांच्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी ‘ग्रेडेशन लिस्ट’ हा ज्येष्ठता यादीचा शब्द येत असे.

“रुजू तारखेवरून धरली असणार,” तन्वी म्हणाली.

“असणार? परिशिष्ट असेल ना मागे?”

“आहे. छत्तीस पानं.”

“वाचलं?”

तन्वीनं परिशिष्ट उघडलं. तपासणी यादी पुरी केल्याशिवाय तिनं कधी इंजिन सुरू केलं नव्हतं, आणि इथे फक्त आपलं नाव असलेलं पान पाहून आठ पानं लिहिली होती.

एकोणतिसाव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, ते सापडलं. किनाऱ्याच्यांप्रमाणेच सातपुड्याच्या वैमानिकांची ज्येष्ठता प्रशिक्षण वर्गाच्या पहिल्या दिवसापासून धरावी. त्या वर्गाचं हजेरीपुस्तक मिळत नसेल, तर प्रवासी विमानावर प्रथम पाठवल्याच्या तारखेपासून.

तन्वीचा वर्ग हैदराबादच्या एका खासगी केंद्रात झाला होता. ते केंद्र कधीच बंद पडलं, आणि त्याची कागदपत्रं कुठे गेली ते कोणालाच माहीत नव्हतं. वर्गानंतर विमान मिळायला तिला नऊ महिने थांबावं लागलं होतं. तेच नऊ महिने तिच्या नोकरीतून गेले होते.

“खाली अजून एक ओळ आहे,” आबा म्हणाले. “वाच.”

अशा वेळी, त्याच वर्गात हजर असलेल्या व सध्या सेवेत असलेल्या एका वैमानिकाचं सहीचं निवेदन पुरावा म्हणून चालेल.

“मग झालं! कोण होतं वर्गात?” विजया ओल्या हातानं बाहेर आली.

अकरा जण होते. तेव्हा दोन कंपन्यांचे नवे वैमानिक हवामान आणि नियम शिकायला एकत्र बसत. तन्वीबरोबरचे सातपुड्याचे सगळे आखाती कंपन्यांत गेले होते. किनाऱ्याचे दोघं, त्यांतल्या एकानं उडणं सोडलं. उरला निखिल सरवटे. तन्वीनं यादीवर बोट वर सरकवलं आणि ते चाळिसाव्या नावावर थांबलं.

“तोच चाळिसावा आहे. आमची वर्गाची तारीख एकच. तारीख एक असली की वयानं मोठा तो वर, आणि मी पाच महिन्यांनी मोठी. त्यानं सही केली तर मी चाळिसावी, तो एक्केचाळिसावा.” तिनं कागद मिटले. “मी नाही त्याला विचारणार.”

मग आबांनी भिंग मांडीवर ठेवलं.

“प्रभाकर आठवतो तुला, विजया? ग्वाल्हेरचा. दर दसऱ्याला सोनं घेऊन यायचा.”

“आठवतात ना.”

“त्याची पहिली नेमणूक कच्ची होती, माझ्याआधी दोन वर्षं. तो कागद गठ्ठ्यातून गहाळ झाला. साहेबानं सगळ्यांना विचारलं, कोणी पाहिला का. मी आवक-जावक पाहायचो. माझ्याच हातून नोंदला गेला होता तो. मी मान खाली घालून बसलो.” आबा उन्हाकडे पाहत राहिले. “मी त्याच्या सहा वर्षं आधी हेडक्लार्क झालो. तीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला आम्ही. तो गेला, तरी सांगितलं नाही.”

विजया सून म्हणून या घरात चाळीस वर्षं होती. तिनंही हे आज पहिल्यांदा ऐकलं.

“विचार त्याला,” आबा तन्वीला म्हणाले. “नाही म्हटलं तर तो त्याचा हक्क. पण मला कोणी एकट्याला, तोंडावर विचारलं असतं, तर कदाचित मी बोललो असतो. त्याचं ‘नाही’ तू परस्पर ठरवू नको.”

तन्वीनं फोन लावला.

“बोल बोकारे!” निखिल इंदूरचा, आवाज नेहमी एक पट्टी वर. “पाहिली ना यादी? अपन एकदम काठावर. पाय लटकतायत, यार!”

तिनं सगळं क्रमानं सांगितलं. पान, तळटीप, वर्ग, वय. त्याचा नंबर काय होईल, तेही सांगितलं. पलीकडे लिफ्टचं दार उघडून मिटल्याचा आवाज आला.

“म्हणजे माझी खुर्ची काढायची सही मीच करायची.”

“हो.”

“काय भिया तू!” इंदुरी ‘भैया’ त्याच्या तोंडी सगळ्यांनाच असे. “थोडं गोडगोड तरी बोलायचं आधी.”

“नाही म्हणालास तरी मी कोणाला सांगणार नाही, निखिल. मनातही ठेवणार नाही.”

“ठेवशील,” तो म्हणाला. “मी असतो तर ठेवलं असतं. मेघाशी बोलतो. तिनं सकाळीच माहेरी पेढे वाटले, कॅप्टनची बायको म्हणून.”

गुरुवार कोरा गेला. तन्वीनं स्वतःचा अर्ज अर्ध्या पानाचा करून पाठवून दिला, पुराव्याची जागा रिकामी ठेवून. शुक्रवारी अकराच्या सुमाराला समितीला गेलेल्या पत्राची प्रत तिच्याकडे आली.

‘तन्वी बोकारे पहिल्या दिवसापासून वर्गात हजर होती. दुसऱ्या रांगेत, माझ्या डावीकडे. हवामानाच्या तासाला शिक्षकांनी दवबिंदूचं सूत्र चुकीचं लिहिलं, ते तिनं उभं राहून दुरुस्त केलं. त्या वादात चहाची सुट्टी वीस मिनिटं उशिरा झाली. हे विसरणं मला शक्य नाही. या निवेदनामुळे माझा क्रमांक खाली जाईल याची मला कल्पना आहे.’

तन्वीनं ते आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

तीन आठवड्यांनी सुधारलेली यादी आली. चाळीस, बोकारे. एक्केचाळीस, सरवटे. तन्वीनं आनंदानं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

पुढच्याच महिन्यात निखिलचा भोपाळला मुक्काम पडला. विजयानं बिट्टन मार्केटच्या हाटातून ताजी मेथी आणली, गोळाभात केला, पाटवडीचा रस्सा केला. निखिल दारातून आत आला तेव्हा आबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहिले. एकदा घरी कलेक्टर आला होता तेव्हाही ते उठले नव्हते. निखिल वाकायला गेला, तर त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

“आजोबा, बसा हो, मला लाजवू नका,” तो म्हणाला. मग विजयाकडे वळून, “काकू, शेव आहे का थोडी?”

“गोळाभातावर शेव?”

“इंदूरचा आहे तो, आई,” तन्वी म्हणाली. “प्रसादावरही घेईल.”

जेवताना आबांनी स्वतःहून प्रभाकरची गोष्ट काढली. निखिलनं हात थांबवून ऐकली. “त्यांच्या घरचं कोणी आहे का आता?” त्यानं विचारलं.

“मुलगी आहे. सिंधू. कोलार रोडला असते.”

निखिलनं आबांच्या पानात एक पाटवडी वाढली.

दुपारी तन्वी त्याला गाडीनं हॉटेलवर सोडायला निघाली. होशंगाबाद रोडवर सिग्नलला थांबल्यावर तिनं विचारलं, “का केलंस?”

“पहिल्या दिवशी नाहीच करणार होतो. खरं सांगतो. मग मेघा म्हणाली, ती दवबिंदूची गोष्ट तू प्रत्येक पार्टीत सांगतोस. गप्प बसलास तर कॅप्टन होशील, पण ती गोष्ट पुन्हा सांगता येणार नाही.” तो हसला. “आणि सासरचे पेढे काय, परत मागत नाहीत.”

सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजला, तरी तन्वीनं गाडी हलवली नाही. आभार हा शब्द तिला नेहमी समारंभातला वाटे. आज दुसरा सापडेना.

“निखिल, मी तुझी आभारी आहे. आयुष्यभर राहीन.”

“राहा,” तो म्हणाला. “पण गाडी काढ, कॅप्टन. मागे भोपाळ उभं आहे.”