फुलांचा भार

"माऊसचं डावं बटण दोनदा दाबा बाबा. उजवं नाही, डावं."

"तेच दाबलं."

"मग काय आलं?"

"सुरू झालं, बागेचं फाटक दिसलं आणि सगळं काळं झालं. सकाळपासून हेच चाललंय."

फोनवर मुलीने सोडलेला उसासा त्याला स्पष्ट ऐकू आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि जेवणाच्या सुट्टीत बोलत होती. "आई काय करतेय?"

"बघतेय," तो म्हणाला.

ती खरंच बघत होती. चाकांच्या खुर्चीत, लुळा उजवा हात उशीवर ठेवून, त्या काळ्या पडद्याकडे. अर्धांगाचा झटका येऊन चौथा महिना लागला होता. इतक्या दिवसांत ती तीनच शब्द बोलली होती: 'पाणी', 'नको' आणि परवा अचानक 'बाग'. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तो शब्द ऐकून त्याला बाहेर बोलावलं होतं. "त्यांना जे आवडायचं ते समोर ठेवा. पहिले सहा महिने फार महत्त्वाचे असतात, काका."

बाग म्हणजे पडद्यावरचा हा बागकामाचा खेळ. झटक्याआधी चार वर्षं रोज दुपारी भांडी आवरली की त्याच्या बाईसाहेब कॉम्प्युटरसमोर बसत. "गॅलरीतल्या खऱ्या कुंड्या वाळल्या आणि तुझ्या खोट्या बागेला मात्र दोन वेळा पाणी," असं तो चिडवायचा. तेव्हा ती मान न वळवता म्हणायची, "अहो, तुम्हाला कशाला हव्यात कुंड्या? तुम्ही लिफ्ट लावा त्यात."

तो लिफ्टमिस्त्री. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी आसपास कुठे लिफ्ट अडकली की आधी त्यालाच हाक जाई. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना गोड बोलून धीर देणारा हा गृहस्थ आज एका खेळापुढे हात टेकून बसला होता. ती दवाखान्यात असताना खेळाची नवी आवृत्ती आपोआप येऊन बसली होती आणि ती या जुन्या मशीनला झेपत नव्हती. जुनी आता मिळत नव्हती.

"पुढच्या महिन्यात येते तेव्हा दुसरा कॉम्प्युटर आणते," मुलगी म्हणाली. "तोवर एक करून बघू. खेळाच्या नावावर उजवं बटण दाबा. तिथे सुरुवातीच्या सेटिंग्ज दिसतील. खेळ उघडायच्या आधीच त्या बदलता येतात."

"म्हणजे माणसं चढायच्या आधीच भार कमी करायचा."

"हां, तसंच समजा."

हे त्याला समजलं. मुलीची सुट्टी संपली, फोन ठेवला गेला आणि तो कामाला लागला. जुनी सवय होती, एका वेळी एकच बदल करायचा आणि कागदावर लिहायचा. आवाज बंद. पडदा लहान. सावल्या बंद. प्रत्येक बदलानंतर खेळ उघडायचा, फाटक दिसायचं आणि काळोख व्हायचा. तो खाली अजून एक ओळ लिहायचा. बायकोची नजर त्याच्या पेन्सिलीवर होती, हे त्याला न बघताही कळत होतं.

नवव्या बदलाला खेळ टिकला.

फाटक उघडलं. एक मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली, तरी खेळ चालूच. त्याने तिची खुर्ची पुढे सरकवली. "बघ, उघडली तुझी बाग. आहे की नाही मिस्त्री अजून कामाचा?"

तिची नजर एका वाफ्यावरून दुसऱ्यावर फिरली. मग तिचे ओठ वाकडे होत हलले.

"फु... फुलं?"

त्याने चष्मा पुसून पाहिलं. वाफे होते, कुंपण होतं, बाक होता. बाकी सगळीकडे सपाट हिरवा रंग. त्याने कागद उचलला. नववी ओळ त्याच्याच अक्षरात होती: 'बारीकसारीक सजावट बंद.' भार कमी करता करता त्याने तिची चार वर्षांची फुलंच उतरवून ठेवली होती.

त्याला भयंकर लाज वाटली. त्याने ती ओळ खोडली, सजावट परत चालू केली आणि खेळ उघडला. फाटकाच्या आत झेंडू, गुलाब, कसली कसली निळी फुलं पडदाभर आली. तिचा डावा हात माऊसवर गेला. निदान हा चांगला हात तरी वापरा, असं व्यायामाच्या बाई महिनाभर विनवत होत्या; तो आज आपणहून हलला. झारी थरथरत पहिल्या वाफ्यापर्यंत पोहोचली, पाणी पडलं आणि पडदा काळा झाला. त्याने घड्याळ पाहिलं होतं. चाळीस सेकंद.

"बिनफुलांची लावू का? ती चालते तरी."

"नको." मग खूप प्रयत्नाने, "परत."

हाही नवीन शब्द होता. त्याला आनंद झाला, तरी बोट बटणावर थांबलं. ज्या लिफ्टची खात्री नाही तिच्यात त्याने तीस वर्षांत कुणाला पाऊल ठेवू दिलं नव्हतं. आता मात्र बंद पडणार हे ठाऊक असूनही त्याने बटण दाबलं.

फाटक उघडलं. मघाचं पाणी खेळाने लक्षात ठेवलं नव्हतं. पहिला वाफा पुन्हा कोरडा होता. तिने डाव्या हाताने झारी उचलली आणि त्याच वाफ्याकडे नेली.