एकटीची शेगडी

सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत मोबाईल घरोघरी होते, पण खरेदी सगळी ज्योतीच्या मोबाईलवरून व्हायची. कारण साधं होतं. कुरिअरवाल्याला तिथला पत्ता कधी सापडायचा नाही, आणि फोन करावा तर बायका कामावर. ज्योती मात्र दिवसभर घरीच, साड्यांना लेस लावत बसलेली. तिचा नंबर दिला की वस्तू हमखास पोचायची. त्यामुळे कुणाच्या सुनेचा कुर्ता, कुणाच्या म्हाताऱ्याचा गुडघ्याचा पट्टा, कुणाच्या टकलावर केस उगवणारं तेल, सगळं तिच्याच नावावर. त्या बिचाऱ्या ॲपला वाटत असेल, ही बाई एकाच वेळी सासू, सून आणि टकली आहे.

शेजारच्या खोलीतली सुंदरा कधी काही मागवत नसे. तिचा नवरा सखाराम रोज संध्याकाळी तिचा मोबाईल हातात घेई. कुणाला फोन केला, काय पाहिलं, सगळं तपासे, आणि मनाला आलं तर हातही उचले. भिंत एकच असल्यामुळे ज्योतीला ते सगळं ऐकू येई. एका दुपारी सुंदरा दारात येऊन उभी राहिली.

"ज्योतीताई, तुमना मोबाईल द्या ना जरा. लेत नही काही, नुसतं देखस."

ज्योतीने दिला. बघायला काय जातं? सुरतेच्या कापडबाजारात वावरलेल्या बायकांचा हा पक्का समज. दुकानदाराने ढीगभर साड्या उलगडाव्यात, आपण 'परत येऊ' म्हणून उठावं, त्याने मनातल्या मनात शिव्या देत घड्या घालाव्यात, विषय संपला. हा नवा दुकानदार घडी घालतच नाही, उलगडलेली साडी हातात घेऊन थेट घरापर्यंत मागे येतो, हे दोघींच्या गावीही नव्हतं.

सुंदरा दुपारी येऊन बघत राही. एका चुलीची शेगडी. घडीची गादी. दाराला आतून लावायची भक्कम कडी. मग एकदा तिने सांगून टाकलं. सुरतेबाहेर, सचिन नावाच्या गावी, एका कारखान्यात तिला पॅकिंगचं काम मिळालं होतं, तिकडेच एक खोलीही ठरली होती. शेगडी आणि गादी ज्योतीनेच मागवली, थेट त्या खोलीच्या पत्त्यावर.

"वाल्मिकभाऊसले बी सांगू नका," सुंदराने तिला शपथ घातली.

वाल्मिक, म्हणजे ज्योतीचा नवरा, माणूस वाईट नव्हता. पण तो आणि सखाराम एकाच लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कामाला, जेवायलाही एकत्र बसणारे, आणि वाल्मिकच्या पोटात तीळ भिजत नसे. ज्योतीने तोंड मिटून घेतलं.

सुट्टीच्या दिवशी वाल्मिकने क्रिकेट बघायला तिचा मोबाईल घेतला. मॅच राहिली बाजूला. 'खास तुमच्यासाठी' म्हणून एकामागून एक शेगड्या यायला लागल्या, सगळ्या एका चुलीच्या. मग एकाच माणसाला पुरेल एवढा कुकर. मग गादी.

"घरमा दोन चुल्हानी शेगडी शे," तो म्हणाला. "मंग एक चुल्हानी कोनासाठे?"

"असंच देखत व्हती."

"माले सोडीसन जाई राहिनी का तू?"

ज्योतीला सुंदराची शपथ आठवली आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. ती नुसतीच "काहीबी बोलतस तुम्ही" म्हणाली, आणि ते तिचं तिलाच खोटं वाटलं.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो चांगला वागायला लागला. येताना खमण आणू लागला, स्वतःचं ताट स्वतः घासू लागला. इतक्या वर्षांत ज्या माणसाने तिच्या पाठदुखीची चौकशी केली नव्हती, तो विचारू लागला, "लाइट लावू का? डोळा दुखतीन." ज्योतीला हसू यायचं आणि पाठोपाठ रडूही. ॲपमधलं पाहिलेलं सगळं तिने शोधून शोधून पुसलं, पण सकाळी गादी पुन्हा हजर. खोट्या नाण्यासारखी कुठूनतरी परत यायचीच.

आणि एका दुपारी, सखाराम कामावर असताना, सुंदरा गेली.

दिवेलागणीला सखाराम ज्योतीच्या दारात आला. मागे अर्धी गल्ली गोळा झालेली. वाल्मिक नुकताच येऊन पाय धूत होता.

"वहिनी, मोबाईल दखाडा. बठ्ठी गल्ली तुम्हनाच मोबाईलवरथीन मांगाडस. तिनी काय मांगाडं?"

ज्योतीने मोबाईल पदराखाली घेण्याआधीच त्याने तो हिसकावला. लेस लावताना तिने गाणी लावली होती, त्यामुळे कुलूपही नव्हतं. त्याने ॲप उघडलं, आणि दुकानदाराने इमानेइतबारे शेगडी पुढे केली. आणखी एक बोट फिरलं असतं तर मागवलेल्या वस्तू दिसल्या असत्या, आणि त्यांच्याखाली सुंदराच्या नव्या खोलीचा पत्ता.

"एकटीनी शेगडी!" सखाराम ओरडला. "कोनी शे हाई?"

वाल्मिकने शेगडीकडे पाहिलं. मग ज्योतीकडे. तिचा उतरलेला चेहरा पाहून त्याला काय ते समजलं. तो ओल्या पायांनीच पुढे आला आणि त्याने सखारामच्या हातून मोबाईल काढून घेतला.

"मना घरनं शे हाई," तो म्हणाला. "मनी बायको माले सोडीसन जावाले निंघेल व्हती. तिनीच देखेल शे ती शेगडी. झायं समाधान? आते बठ्ठा गावसमोर सांगाले लावं तू माले."

नवागामात पुरुषाने हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं, तेही खात्यातल्या माणसांसमोर! उद्या लूमवर त्याची किती टिंगल होणार, हे ज्योतीला माहीत होतं आणि त्यालाही. सखाराम काहीतरी पुटपुटत मागे सरला. माणसं पांगली. वाल्मिकने दार लावून घेतलं.

"बरी शे ना ती?"

ज्योतीने मान हलवली.

"कोठे शे ते माले सांगू नको. मना पोटमा राहत नही." मग तो भिंतीला टेकून खालीच बसला. "म्हणजे तू जात नहीस."

"नही हो," ती म्हणाली. या माणसावर इतका जीव आहे, हे तिला बऱ्याच दिवसांत आठवलं नव्हतं.

मोबाईल अजून त्याच्याच हातात होता. शेगडी वर सरकली आणि खालून एक लहानशी पत्र्याची पेटी आली, पुढे कुलूप असलेली.

"हाई बी सुंदरानीच का?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. सुंदरा काही सांगायला येणार नव्हती.

"नही. ती मी देखेल व्हती. दुपारले ती देखीसन घर गयी का मंग, एकटी बठीसन."

वाल्मिकने खोलीभर नजर फिरवली. एकच खोली, एकच फळी, तिच्यावर दोघांचे कपडे. दागिन्यांचा डबा, पिठाचा डबा, जिथे ज्याचा हात जाईल त्याचं.

"काय ठेवशी तिनामा?"

"ते सांगनं ऱ्हातं," ज्योती म्हणाली, "तर कुलूप कसाले लागतं?"

त्याला पटलं की नाही, देव जाणे. मग त्याने मोबाईल उलटा केला आणि पडद्याकडे न बघता तिच्या हातात दिला.