बारवेची सुनावणी

पाचोडच्या रस्त्याला चौपदरी करायचं ठरलं आणि मधे आली एक जुनी बारव. वारसा जपायचाच, असा वरून हुकूम होता. म्हणून खात्यानं शहरात जनसुनावणी ठेवली. बारवेपासून चाळीस किलोमीटर लांब, गार हवेच्या सभागृहात. ज्यांना हरकत होती त्यांनी एसटीनं यावं, एवढी मोकळीक होती.

बानाबाई आली. ऐन उन्हाळ्यात तिची साठ मेंढरं त्याच बारवेवर जगायची. शहरातल्या पुंडलिकनगरात राहणारा तिचा लेक अंगद सोबत होता. अकराची सभा एकला सुरू झाली, कारण आधी साहेबांनी एकमेकांचे सत्कार उरकले. मग पडद्यावर बारवेचे फोटो दाखवून मोठे साहेब इतके गहिवरले, की आता रस्ताच रद्द होतो की काय असं वाटावं.

बानाबाई उठली. "साहेब, बारव बुजवू नगा. दुसरं पाणी नाय तिथं. माझी मेंढरं मरतील."

"आजी, तुमच्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या," म्हणत साहेबांनी तिला शाल पांघरली, हातात नारळ दिला. टाळ्या पडल्या. सुनावणी संपली.

बानाबाई हरखली. तिच्या माणसांत बोलणं पक्कं झाल्याशिवाय कुणी नारळ देत नाही. सोयरीकसुद्धा नारळावरच ठरते. "दिला की रं शब्द साहेबानं!" ती अंगदला म्हणाली. अंगद शहरात राहून शहाणा झाला होता, पण आईचं तोंड बघून त्यानं नारळ तिच्या पिशवीत नीट ठेवून दिला.

सांजेला तिनं तो नारळ बारवेच्या पायरीवर फोडला, पाण्यातल्या साती आसरांना खोबरं वाहिलं. मोजणीला आलेल्या गोकुळ इंजिनिअरनं हौसेनं फोटो काढला. तो अहवालात गेला: 'स्थानिक महिलेच्या हस्ते कामाचा शुभारंभ.' सरकारी कामात एवढी चपळाई क्वचितच दिसते.

आठ दिवसांत बारव मुरमानं भरली. दुपारी मेंढरं सवयीनं आली आणि मुरमाला तोंडं लावून उभी राहिली. नारळ घेऊन, तो इथंच फोडून आपल्याच हातानं आपण हे केलं, असं बानाबाईला वाटलं.

गोकुळ लगबगीनं आला. "आजी, बरं भेटलात. इथं बारवेच्या इतिहासाचा फलक लावायचाय, संगमरवरी. मजकूर काय असावा, त्याची मंगळवारी सुनावणी आहे. तुम्ही यायलाच पाहिजे."

बानाबाईनं एका कोकराला उचलून छातीशी धरलं.

"येते की," ती म्हणाली. "पर मेंढरांना वाचता येत नाय, बाबा. त्यांनी काय प्यायचं?"