पाणी प्यालेल्या विटा

परवा हातोडीखाली ठणठणीत वाजलेली वीट आज सकाळी ताईच्या अंगठ्याखाली भुगा झाली.

फोडलेल्या भट्ट्यांच्या जुन्या विटा निवडायचं तिचं काम. ठणकली ती वीट धडधाकट, पुन्हा भट्टीला. भद्द बोलली ती दळायला. धुळीनं रंग कळेनासा झाला की गाडीवर पाण्याचा हबका मारायचा, ही तिचीच युक्ती. बारा वर्षं मातीच्या विटांनी तो हबका निमूट सोसला. या महिन्यात मात्र तपकिरी, मॅग्नेशियाच्या विटा यायला लागल्या. मुकादमानं बजावलं होतं, यांना थेंबही लावू नका, पाणी पितात आणि आतून फुगून विस्कटतात. ताईनं मान डोलावली आणि मनात म्हटलं, विटाच त्या, मिठाच्या आहेत का? आणि हबका मारलाच.

त्याच गाडीतल्या बाकीच्या विटा धाकट्या भावाच्या कारखान्यात गेल्या होत्या. वितळलेलं पोलाद वाहणाऱ्या अजस्र बादलीला आतून विटांचं अस्तर लावायचं, हे त्याचं काम. बादली हलली की तिच्यासोबत चालायचंही त्यानंच.

ताई धावत सुटली. आज बादली रिकामी असेल, आज सुट्टी असेल, मनाला काहीबाही समजावत धावली. फाटकावरच्या रखवालदारानं विचारलं, भावाचा डबा राहिला वाटतं. ती आत शिरली.

बादली भरलेली होती. क्रेनला टांगलेली, तोंडाशी पिवळी धग, आणि खाली भाऊ घाम पुसत उभा. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. तो हसला नाही की चिडला नाही.

"ताई, एकेक वीट वाजवून लावलीय मी."

"ओल्या झाल्या तरी त्या दिवशी वाजतात रे. नंतर मरतात."

त्यानं वर पाहिलं. बादलीच्या काळ्या पत्र्यावर, तळाशी डावीकडे, बोटाच्या पेराएवढा लालसर डाग होता. पाहता पाहता तो तळहाताएवढा झाला.

भावानं दोन्ही हात उंचावून क्रेनवाल्याला कोपऱ्यातला रिकामा खड्डा दाखवला, आणि बाकीच्यांना मागं रेटत नेलं. ताईला त्यानं दंडाला धरून भिंतीआड ढकललं. क्रेन रांगत निघाली. इतकी हळू, की ताईला वाटलं आपला श्वासच ती धरून चाललीय. खड्ड्यावर पोचली, बादली कलली. पोलाद ओतलं जात असताना त्या डागातून एक लखलखती धार फुटली आणि खड्ड्यातच पडली.

भावाच्या भुवया होरपळल्या होत्या. तो ताईजवळ येऊन बसला, आणि त्यानं विचारलं, "अशा किती गाड्यांवर पाणी मारलंस?"

"तीन."

"इथं एकच आली."

बाकीच्या दोन कुठल्या कारखान्यांत गेल्या, ते ताईला ठाऊक नव्हतं. तिनं मुकादमाला फोन लावला. तिकडं नुसती घंटा वाजत राहिली.