नववीचा बाक

नमुना म्हणून पाठवलेला बाक मुख्याध्यापिकाबाईंनी दुसऱ्याच दिवशी परत न्यायला सांगितला. सुताराच्या लेकीला वाटलं, पॉलिश वाळलं नसणार. मापात चूक असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. माप बाबांचं होतं.

बाबा जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या कारखान्यात प्रत्येक इयत्तेचा एक फर्मा असे, म्हणजे त्यांनी स्वतः कापलेली सागवानी पट्टी. ती लाकडावर ठेवून पेन्सिल फिरवली की बसायच्या फळीची आणि पुढच्या मेजाची उंची ठरली. टेप कुणी काढतच नसे. आता कारखाना लेकीच्या हातात होता, आणि शाळेचं काम सुटावं म्हणून लोखंडी बाकवाले टपूनच बसले होते.

ती शाळेत गेली. बाईंनी नववीतल्या एका मुलीला हाक मारली. वर्ग तिला ‘शिडी’ म्हणायचा.

“बस गं.”

शिडी बसली, म्हणजे बसायला गेली. गुडघे मेजाखाली शिरेनात. तिने पाय बाजूने बाहेर काढले आणि न मिटणाऱ्या छत्रीसारखी तशीच अडकून राहिली.

“बाई, बसू की उभीच राहू? फारसा फरक नाहीये.”

वर्ग खिदळला.

“ही एकटीच उंच असेल,” लेक म्हणाली.

“एकटी? मागच्या रांगेकडे बघ जरा,” बाई म्हणाल्या. “आमचे डॉक्टर दर वर्षी पोरांची उंची घेतात. या शहरातली मुलं पिढीमागून पिढी वाढतायत. पोटभर खायला मिळतं, लहानपणची दुखणी कमी झाली. पूर्वी बाप्या माणसाची जी उंची असायची, ती आता पोरं नववीतच गाठतात. तुझ्या वडिलांचं माप तेव्हा अगदी बरोबर होतं गं. पोरं काही तिथेच थांबली नाहीत.” मग त्या म्हणाल्या, “सोमवारी दुसरा नमुना आण. नाहीतर मला लोखंडी घ्यावे लागतील.”

लेकीने एक लांब पट्टी मागून घेतली आणि बाकाबाकाशी वाकून प्रत्येकाच्या गुडघ्याशी पट्टी धरून तिच्यावर पेन्सिलीची खूण केली. दुपार त्यातच गेली.

कारखान्यात बाबांचे धाकटे भाऊ, काका, रंधा मारत होते. ऐकून ते उखडलेच.

“अशी कशी चूक होईल? बसून बघितल्याशिवाय आपला एक बाक कधी बाहेर गेलाय का?”

“या वेळी कोण बसलं होतं?”

“मी! नववीच्या बाकावर कायम दादा बसायचा. आता मी.”

लेकीने काकांकडे पाहिलं. दोघे भाऊ एका उंचीचे; काका ताठ उभे राहिले तरी तिच्या कानाशी येत.

“काका, तुम्ही आणि बाबा तेव्हाच्या नववीच्या मापाचे होतात.”

“मला या वयात नववीत बसवतेस होय?”

“मी कुठे बसवतेय? तुम्ही आपण होऊन बसलात. ती शिडी शेजारी उभी राहिली तर तुमच्या टकलावर वही ठेवून लिहील.”

काका हसले, पण तिने नव्या फर्म्यासाठी फळी ओढली तसा त्यांनी रंधा खाली ठेवला. “दादाच्या फर्म्याला हात लावू नकोस, पोरी. त्याच्या हातचं एवढंच उरलंय. फार तर त्यालाच एक तुकडा जोड.”

सकाळपर्यंत तीही हेच म्हणाली असती.

“लाकडाला ठिगळ लावलेलं बाबांनी चालवून घेतलं असतं? फर्मा त्यांनी जपून ठेवायला कापला नव्हता, काका. पोरांचे गुडघे आपटू नयेत म्हणून कापला होता. ते आपटायला लागले तर त्यांनीच आधी मोडला असता.”

तिने खुणांची पट्टी फळीवर ठेवली. सगळ्यात वरची खूण धरली नाही. तशाने बुटक्यांचे पाय लोंबकळले असते. वरून चार खुणा सोडून बसायच्या फळीची रेघ मारली, शिडीसाठी मेजाची रेघ बोटभर वर घेतली आणि आखूड पायांसाठी खाली एक आडवी पट्टी द्यायची ठरवली. करवत हातात घेतली.

“हा नवा फर्मा किती वर्षं चालायचा?” फळीचं दुसरं टोक धरत काकांनी विचारलं.

“पोरं वाढतील तेवढी.”

“मी असेपर्यंत तरी?”

“तुम्ही असेपर्यंत दोनदा बदलू. घट्ट धरा, हलतंय.”

सोमवारी शिडी बसली. गुडघे सरळ आत गेले. कुणी हसलं नाही, हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिने वही उघडली. बाई म्हणाल्या, “बाकीचे कधी देतेस?” आणि उत्तराची वाट न बघता फळ्याकडे वळल्या. लेक तशीच लाकूड बघायला वखारीकडे निघाली.