ठिपक्याएवढी गांधीलमाशी

"एक डोळा मिटा, अण्णा. आणि श्वास जरा आवरा, नाहीतर सगळं कार्ड उडवाल."

सुनेने सूक्ष्मदर्शकाची चकती किंचित फिरवली. अण्णा हात पाठीमागे बांधून, अपराध्यासारखे वाकले.

अपराध झालाच होता. तीस वर्षं त्यांनी पाठीवर पंप घेऊन गावातल्या सगळ्यांची शेतं फवारली होती. खोकला छातीत ठाण मांडून बसला, तेव्हा डॉक्टरांनी पंपाला हात लावायचा नाही, असं बजावलं. सून मित्रकीटकांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने घरच्या उसात, पानांच्या मागे या कीटकांची अंडी चिकटवलेली कागदी कार्डं टाचली. "चिलटं सोडून खोडकिडा मरतो होय?" म्हणून अण्णा हसले होते. मग परवा उसात खोडकिड्याचा एक पतंग उडताना दिसला आणि त्यांचे हात शिवशिवले. सून कामावर गेल्यावर त्यांनी अख्खं शेत फवारून काढलं.

संध्याकाळी तिला फाटकातच औषधाचा वास आला. अण्णांना तो कित्येक वर्षांपासून येतच नव्हता. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. तिने नेहमीसारखं जेवायला वाढलं. आज सकाळी मात्र म्हणाली, "अण्णा, माझ्याबरोबर प्रयोगशाळेत चला."

भिंगाखाली खसखशीएवढे काळे दाणे होते. त्यातला एक हलला. त्याला भोक पडलं. भोकातून डोकं आलं, दोन लालभडक डोळे आले. मग सगळा जीव स्वतःला ओढत बाहेर आला आणि मागच्या पायांनी पंख पुसू लागला.

"ही... जिवंत आहे?"

"आत्ता जन्मली. तुमच्यासमोर. गांधीलमाशीच्या जातीतली आहे."

"पंखांना झालर आहे गं हिच्या!"

अण्णांनी भिंगावरून डोळा काढून नुसत्या नजरेने कार्डाकडे पाहिलं. धूळ. पुन्हा भिंगाला डोळा लावला.

"अशा किती असतील यावर?"

"वीस हजार तरी."

"आणि उसात हिला किड्याची अंडी सापडतात कशी?"

"वासावरून माग काढते. त्या अंड्यातच आपलं अंडं घालते. मग अळी जन्मालाच येत नाही."

अण्णा खुर्चीत बसले. "अळी एकदा खोडात शिरली, की माझं औषध तिथे पोचायचंच नाही," ते हळूच म्हणाले. "मला माहीत होतं. तरी मी आपला बाहेरून मारत राहिलो." मग त्यांनी विचारलं, "परवा माझ्या हातून किती मेल्या असतील?"

सुनेने भिंग पुसायला घेतलं. "औषधाचा असर ओसरू दे. मग नवी कार्डं लावू."

ती अण्णांनीच लावली. एकेका पानाला वेळ लागे. पण टाचणयंत्र त्यांनी कुणाच्या हाती दिलं नाही. शेजारचा शेतकरी पंप भरताना दिसला, तेव्हा ते धापा टाकत बांधावर गेले. "वारा आमच्याकडे आहे. चार दिवस थांब ना," म्हणून तीस वर्षं गावभर फवारणाऱ्या अण्णांनी हात जोडले. शेजारी बघतच राहिला. पण थांबला.

तोडणीच्या वेळी तोच शेजारी आला. त्याने कोयत्याने पाच-सहा ऊस उभे चिरून पाहिले. एकातच किड्याचं भोक होतं, बाकी पांढरेशुभ्र.

"अण्णा, कुठलं औषध मारलंत?"

"औषध नाही रे. कामाला होते कोणीतरी."

"मग आमच्याकडे पाठवा की!"

"ते गेले. त्यांचं आयुष्यच चार-पाच दिवसांचं. नवे आण, सूनबाई देईल."

शेजारी मान हलवत निघून गेला. गाड्या भरून गेल्या, माणसं पांगली. अण्णा घरी जायला उठले. शेत मोकळं होतं, वर नुसती हवा. तरी भरल्या घरातून वाट काढावी, कुणाला धक्का लागू नये, तसे अंग चोरून, बेताने पावलं टाकत ते बांधापर्यंत आले.